बर्फाला वळसा

टायरवाल्याने चिंधीला हात पुसत विचारलं, "वहिनी, बर्फाचे टायर आत्ताच चढवू, की साहेब नेहमीसारखे निघायच्या दिवशी येतील?" तिला वाटलं, हा आपल्याला दुसऱ्याच कुणाची तरी बायको समजतोय. दिवसभर इतक्या गाड्या येतात-जातात, एखादा साहेब इकडचा तिकडे व्हायचाच. ती मुळात टायरसाठी आलीच नव्हती. नवऱ्याने आदल्या दिवशी गाडी चाकं सरळ करून घ्यायला इथे टाकली होती, दुकान तिच्या ऑफिसच्या अगदी समोर, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून आली होती, स्टेपनीतली हवा तेवढी बघून ठेवा एवढं सांगायला. स्टेपनी ही तिची जुनी खोड. मालवाहतूक कंपनीत ट्रकांचे रस्ते ठरवण्यात अर्धं आयुष्य गेलं की माणूस पाहुण्यांच्या गाडीचीही स्टेपनी विचारतो. "आमच्याकडे बर्फाचे टायर नाहीत," ती म्हणाली, "आम्ही बर्फात जातच नाही." टायरवाला हसला. मोठी माणसं विसरतात, त्यात काय, अशा चेहऱ्याने तो शिडीवरून माळ्यावर चढला आणि काळ्या प्लास्टिकमधून एक टायर काढून तिच्या पायाशी घरंगळत आणला. त्याच्यावर खडूने तिच्या नवऱ्याचं आडनाव लिहिलेलं होतं. म्हणजे तिचंच. टायरवाल्याने खाचेत अंगठा घालून दाखवला आणि कौतुकाने सांगितलं की अजून एक हिवाळा आरामात निघेल, साहेबांचा हात हलका आहे, घाटात एवढी गाडी फिरवून टायर असे राहतात का कुणाचे. ती म्हणाली, "स्टेपनीतली हवा बघा," आणि बाहेर पडली. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने तिला शिवी घातली, ती तिला बरीच उशिरा, ऑफिसच्या जिन्यात ऐकू आली.

जागेवर बसली तेव्हा समोरच्या भिंतीवर नेहमीची डोंगररांग होती, मोठ्या पडद्यावर. हिवाळा लागला की ही रांग म्हणजे तिची जहागीर. कुठला घाट बंद, कुठला फक्त बर्फाचे टायर असलेल्या गाड्यांना चालू, कुठे सावलीच्या अंगाने दुपारीही रस्ता गोठलेला, हे तिला पडद्याआधी कळतं असं ऑफिसात म्हणायचे. नवे ड्रायव्हर तिला आधी हसायचे, कारण बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. मग एखाद्या रात्री तिचं न ऐकता पुलावर घसरून आले की पुढच्या खेपेला मुकाट्याने विचारायचे. पूल आधी गोठतो, रस्ता नंतर, कारण पुलाच्या पोटाखालूनही वारा जातो. हे ती घरीही सांगायची. पण घरी सांगताना 'बर्फ' म्हणायची नाही. घरी त्या शब्दाला बंदी होती, 'तसलं हवामान' म्हणायचं. आत्ता पडद्याकडे बघताना तिला ते आठवलं आणि लिफ्ट अचानक सुटावी तसं झालं. लिफ्टसुद्धा त्याचीच. नवरा लिफ्ट तपासनीस होता, गावोगावच्या इमारतींत जाऊन दोर, खटके, दारं बघायचा आणि सही करायचा की या पेटीत माणसाने निर्धास्त उभं राहावं.

अपघात खरा होता. त्याबद्दल तिच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आत्ताही नाही. खूप वर्षांपूर्वी तो पडद्यावरच्या याच रांगेतल्या एका घाटात घसरला होता, गाडीची पुढची चाकं कठड्याबाहेर, आणि लोकांनी दोर लावून ओढेपर्यंत तो स्टिअरिंगला धरून श्वाससुद्धा जपून घेत बसला होता. घरी आला तेव्हा चहाचा कप त्याच्या हातात बशीवर वाजत होता. कितीतरी महिने वाजत राहिला. तिने कपबशा काढून बिनबशीचे मग आणले. टीव्हीवर डोंगर दिसला की वाहिनी बदलायची. सकाळी डोळे उघडताच सगळं पांढरं दिसून तो दचकतो असं त्याने एकदा सांगितलं, तर तिने पांढऱ्या चादरी शेजारणीला देऊन टाकल्या आणि तपकिरी आणल्या, ज्या तिला कधीच आवडल्या नाहीत. बहिणी, मैत्रिणी हसल्या. नवऱ्याला काय तळहाताच्या फोडासारखं जपतेस, म्हणाल्या. जपतच होती. त्यात कष्ट वाटत नव्हते, उलट थोडं बरंच वाटायचं, हे आत्ता तिला पहिल्यांदा दिसलं आणि तिने लगेच नजर वळवली. एवढं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की बर्फ तिचा होता. ती जन्मली, वाढली ते गाव त्याच घाटाच्या पलीकडे. तिथे हिवाळ्यात आई उंबऱ्यावर बूट आपटून घ्यायला लावायची, आधी डावा मग उजवा, आणि आत आल्यावर गार नाक आपल्या गालाला लावून घ्यायची. लग्नानंतर या सखल शहरात ती आली आणि अपघातानंतर तिने हिवाळ्यात माहेरी जाणंच सोडलं. एका माणसाचे हात थरथरतात म्हणून एक अख्खा ऋतू टाकून द्यायचा, यात तिला काही विशेष केलं असं वाटलं नव्हतं. नवऱ्यासाठी लोक याहून जास्त करतात.

बाजूच्या टेबलावरच्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, उत्तर बरोबर होतं बहुधा, कारण तो गेला. ती खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघत होती. पाटी निळी, कडेने उखडलेली. ही पाटी लावताना तिने याच खिडकीतून पाहिलं होतं. तोवर दुकान रेल्वेपुलाखाली होतं. टायर कधीपासून ठेवलेत असं तिने विचारलं नव्हतं, पण तो माळ्यावरून उतरताना आपणहून बोलला होता, जुन्या दुकानातून गाडीत घालून आणलेत वहिनी, साहेबांचा माल म्हणून जपून. पाटी लागली तो उन्हाळा होता, टायर त्याच्याही आधीचे. घामाघूम झालेली दोन माणसं शिडीवर. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आई गेली. ती हे पुन्हा पुन्हा मांडून बघत राहिली, पाटी आधी, आई नंतर. नंतर आई, आधी पाटी. कुठूनही मोजलं तरी ते तसंच राहिलं.

त्या सकाळी धाकट्या भावाचा फोन आला होता. आई तुला विचारते आहे, लवकर निघ, म्हणाला. गावापर्यंत रेल्वे नव्हती, बस बंद होत्या. घाट चालू होता, पण बर्फाचे टायर असलेल्या गाड्यांनाच. तिचा एक ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन पलीकडे निघालाच होता, बाई चला, जेवायला आईजवळ पोचवतो, म्हणाला. ती पिशवी भरायला घरी आली. नवरा दारात उभा राहिला. त्याने तिचे दोन्ही दंड धरले, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाला की तू त्या रस्त्यावर असशील तर मी इथे वेडा होईन, माझ्यासाठी एवढं कर, आपण खालून जाऊ, मी नेतो. आणि तिने ऐकलं. खालून म्हणजे नदीकाठाने पार टोकापर्यंत, रांग संपते तिथून वळसा, मग मिठागरांच्या कडेने पुन्हा वर. दोन मुक्कामांचा रस्ता. त्याने न थांबता गाडी हाकली हे खरं. तिला त्याची दयासुद्धा आली होती, तिने त्याला चिकू सोलून भरवला होता, गाडी चालवता चालवता. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर तो हवा भरत असताना भावाचा फोन आला. आई गेली होती. सगळे घाटातून वेळेवर आले ताई, एवढंच म्हणाला. पुढे तो सणावारापुरता, कामापुरता बोलत राहिला. ये म्हणाला नाही. आणि आत्ता, या हिवाळ्यात, आपणहून त्याने बोलावलं होतं. पाय मोडून घरात बसलोय, आठ दिवस येऊन राहा, भाऊजींनाही घेऊन ये, म्हणाला होता. म्हणून तर हा सगळा प्रवास आखणं चाललं होतं.

महिनाभर जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरलेला होता आणि ती दोघं कोपऱ्यावर ताटं टेकवून जेवत होती. कंपनीच्या शंभर ट्रकांसाठी केलं नसेल इतक्या बारकाईने तिने हा रस्ता आखला होता. कुठेही फार उंची गाठायची नाही. दरीवरचा पूल सकाळी ओलांडायचा नाही, उन्हं चढल्यावर. अंधार पडायच्या आत मुक्काम, कारण दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी काचेसारखं होतं. लॉजवर फोन करून तिने विचारलं होतं की गाडी आत लावता येते का, आणि खिडकीतून डोंगर दिसतो का. दिसत असेल तर मागच्या बाजूची खोली द्या. लॉजवाल्याला वाटलं, बाईंची काहीतरी गंमत चाललीय, लोक डोंगर दिसणाऱ्या खोलीचे जास्त पैसे देतात. आणि हे सगळं चालू असताना तो शेजारी बसून मान हलवत होता! एकदा तर त्याने बोट ठेवून विचारलं होतं, इथे तसलं हवामान नसेल ना गं? तिने त्याच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं की नसेल, मी आहे ना. ते आठवलं आणि तिला इतकी लाज वाटली की ऑफिसात बसल्या बसल्या तिचे कान तापले. फसवलं त्याने आणि लाज आपल्याला का वाटावी, हे तिला कळेना. पण वाटत होती, चारचौघांत पदर सुटल्यासारखी.

ती घरी गेली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तो थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून घड्याळ लावून बसला होता, किती वेळ गरम राहतं ते बघायला. कामं तो मन लावूनच करायचा. तिने चप्पल काढली, नकाशावरची बिस्किटांची बशी उचलली आणि म्हणाली, "आपण घाटातून जाऊ." वाटेत येताना तिने ठरवलं होतं की त्याचे हात बघायचे. थरथरले तर ती सगळं विसरणार होती. टायरवाला चुकला, आडनावाची दुसरी माणसं असतात जगात, असं म्हणून ती उद्या पुन्हा स्टेपनीची चौकशी करणार होती. तिने हात बघितले. थर्मासच्या झाकणावर ते अगदी निवांत होते. तो म्हणाला, "कोण बोललं?"

तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. ती खुर्चीवर बसली आणि त्याला बोलू दिलं. तो बराच वेळ बोलला, आधी अडखळत, मग सुटल्यासारखा. वर डोंगरातल्या एका रुग्णालयाची लिफ्ट तपासायला गेला असताना रेल्वेगाड्या रद्द झाल्या, बरोबरच्या माणसाने मोटार काढली, त्याला मध्येच चक्कर आली, आणि स्टिअरिंग याच्या हातात आलं. हात थरथरले नाहीत. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. घरी येऊन तिला पहिलं हेच सांगायचं असं म्हणत तो जिना चढला, तर दारात ती उभी, दिवसभर फोनजवळ बसून डोळे सुजलेले, पाणी तापवून ठेवलेलं, कसं वाटतंय, कसं वाटतंय. मग नाही सांगितलं. पुढच्या खेपेला सांगू म्हणाला. पुढच्या खेपेला त्याने टायर घेतले. गाडी स्टेशनवर लावून रेल्वेने जातो असं सांगून तो घाट चढत राहिला, हिवाळ्यामागून हिवाळे, काम असलं तरी आणि नसलं तरी. तिने मध्ये एकदाच विचारलं, कोण आहे तिथे. तो चमकला. कुणीच नाही, म्हणाला, आणि ते खरं होतं हे तिला त्याच्या चमकण्यावरूनच कळलं. कुणी असती तर बरं झालं असतं. तिचा हेवा करता आला असता, तिला चार शिव्या देता आल्या असत्या.

"वर मला कुणी विचारत नव्हतं, कसं वाटतंय म्हणून," तो म्हणाला. "या घरात मी आजारीच होतो गं. बरं व्हायला जागाच नव्हती."

"आणि आई?"

त्याने थर्मासचं झाकण घट्ट केलं, सैल केलं. "त्या दिवशी तोंडापर्यंत आलं होतं. पण मग आधीचं सगळं सांगावं लागलं असतं." मग जणू हे ऐकून तिला बरं वाटेल अशा आवाजात तो म्हणाला, "मला वाटलं, त्या टिकतील दोन दिवस."

तिने नकाशाची घडी घालायला घेतली. मोठ्या नकाशाची घडी एकट्याने घालता येत नाही, नेहमी दुसरं टोक तो धरायचा, आत्ताही त्याने सवयीने हात पुढे केला. तिने नकाशा तसाच चुरगळून खाली टाकला. "उद्या सकाळी निघू," ती म्हणाली, "टायर चढवून आणा." त्याने विचारलं, नक्की ना? त्याच्या आवाजात भीती होती, पण घाटाची नव्हती. भांडायला तिच्याजवळ शब्द होते, भरपूर होते, पण प्रत्येक शब्दाशेवटी आई येत होती आणि आईला या खोलीत, या थर्मासपाशी आणायला तिचा जीव धजेना. रात्री ती तपकिरी चादरीच्या अगदी कडेला निजली. मध्येच त्याने एकदा तिच्या खांद्याला हात लावून बघितला आणि काढून घेतला.

सकाळी शहर सुटलं, सखल रान सुटलं, आणि गाडी चढाला लागली. ती पुढे त्याच्या शेजारी बसली होती, कारण मागे बसणं म्हणजे रुसणं झालं असतं आणि हे रुसणं नव्हतं. आधी रस्त्याच्या कडेला मळकट ढीग दिसू लागले, मग झाडांच्या बुंध्यांशी, मग एका वळणावर सगळंच पांढरं झालं, इतकं की तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले. किती दिवसांनी, असं तिच्या तोंडून निघणार होतं, पण कुणाला म्हणायचं? पडद्यावर इतकी वर्षं ही एक लाल, वेडीवाकडी रेघ होती. तिने ती कितीदा बंद केली होती, कितीदा माणसांना तिच्यावरून वळवलं होतं. आणि रस्ता असा, साधा, बर्फ नीट बाजूला सारलेला, कडेला खांब, मध्येच एखादा कावळा. तो गाडी छान चालवत होता. हेच तिला सोसवेना. वळण दिसायच्या आधी त्याचा पाय हलका होत होता, ब्रेकला पाय न लावता तो गिअरवर गाडी सावरत होता, खांदे सैल, ओठांत कसलीशी धून. ही धून तिने घरात कधी ऐकली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नवऱ्याला सुखात असताना कसलं गाणं सुचतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिचं लक्ष गेलेलं त्याला कळलं आणि तो गप्प झाला, एखाद्या मुलासारखा. एका ठिकाणी कठडा बाकीच्यांहून नवा होता. तिने तो ओळखला. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

माथ्यावर त्याने विचारलं, थांबायचं का, चहा घेऊया. इथे चांगला मिळतो, असं म्हणून गेला आणि जीभ चावली. नको, ती म्हणाली. उतार लागला. खाली तिच्या गावाची पाण्याची टाकी दिसली, शाळेचं छप्पर दिसलं. तिने घड्याळात बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण गाडीतलं घड्याळ समोरच होतं. जेवणाची वेळसुद्धा झाली नव्हती. एक सिनेमा बघून यावं एवढ्या वेळात ती आईच्या दारात येऊन पोचली होती.

दार भावाने उघडलं, काखेत कुबडी, दाढी वाढलेली. तो आईसारखाच म्हातारा होत चालला होता, हनुवटीपासून. परवा येणार होतात ना, असं काहीतरी तो म्हणाला, आणि मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. गाडीच्या टपावर बर्फ होता, चाकांच्या वरच्या पोकळीत बर्फ भरलेला, आणि नवरा डिकीतून बॅगा काढत होता. भाऊ एकेका पायरीवर कुबडी टेकत खाली उतरला. तिला वाटलं, आता हा पडेल. तो पडला नाही. त्याने नवऱ्याच्या हातातली बॅग खाली ठेवायला लावली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. भावाचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांचा त्याचा राग तिला ठाऊक होता, आणि तो राग तिथल्या तिथे, अंगणात, उतरताना तिला दिसत होता.

"भाऊजी, तुम्ही घाटातून आलात," तो म्हणाला. "आमच्यासाठी एवढं केलंत. मी काय काय मनात धरून बसलो होतो. मला माफ करा."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि थोडी खात्रीही, कारण आजवर प्रत्येक अवघड जागी तिने त्याच्यासाठी दुसरीकडून वाट काढून दिली होती. तिला दिसत होतं की गप्प राहिलं तर सगळं नीट होईल. भाऊ परत मिळेल, आठ दिवस हसतखेळत जातील, वाढताना भाऊ आपल्या हाताने त्याला आग्रह करील. फक्त एक आई तेवढी पुन्हा एकदा एकटी राहील.

"माफी कसली मागतोस," ती म्हणाली. "त्यांना येतो हा रस्ता. आई होती तेव्हाही येत होता."

भावाने हात सोडला नाही. फक्त तो हलवायचा थांबला. तो नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि नवरा खाली ठेवलेल्या बॅगेकडे बघत राहिला. मग भावाने एकेक हात सोडवून घेतला, कुबडी सावरली आणि पायरीकडे वळला.

"ताई," तो म्हणाला, "तू आत ये."